अवंतीच्या शालीचा दोरा

हेमाताईंनी अवंतीसाठी शाल विणायला घेतली, त्या सकाळी माझ्या पुढच्या खोलीचा पडदा उसवायला लागला. सुरुवात खालच्या काठापासून झाली. एक दोरा सुटा झाला, खिडकीच्या गजांमधून बाहेर पडला, गल्लीवरून तरंगत समोरच्या गॅलरीत गेला आणि हेमाताईंच्या क्रोशाच्या सुईवर चढला. मी चहा पीत होते. पडदा ओळीओळीनं वर सरकत गेला आणि कप रिकामा होईपर्यंत नुसती दांडी उरली.

गल्लीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पाववाला सायकलवरून आला, दोऱ्याखाली मान वाकवली आणि पुढे गेला.

हेमाताई म्हणजे अवंतीची आत्या. मी मावशी. अवंतीला नीट चालताही येत नव्हतं तेव्हा माझी बहीण गेली. भाऊजी जहाजावर नोकरीला, घरापेक्षा समुद्रावर जास्त. पोर माझ्याकडे राहिली. मी पाचगणीतल्या शाळांचे स्वेटर विणते, दोन सुयांवर, एक उलट एक सुलट, आणि अवंती त्या स्वेटरांच्या ढिगात झोपून मोठी झाली. हेमाताई तेव्हा इंदूरला होत्या. यजमान गेल्यावर त्या इकडे आल्या, समोरचं घर घेतलं आणि नेमक्या अवंतीच्या लग्नाच्या वर्षी आत्या झाल्या.

अवंतीला फोटोतल्या आजीसारखी शाल हवी होती. त्या फोटोत आजी स्टुडिओतल्या रंगवलेल्या कमानीपुढे उभी आहे आणि तिच्या खांद्यावर जाळीदार, त्रिकोणी शाल आहे. पानांची नक्षी, मधेमधे फुलं, शिंपल्यांसारखी किनार. ती आजी म्हणजे हेमाताईंची आई.

"मी विणून देते की," मी म्हटलं होतं.

"तुझी वीण घट्ट असते गं मावशी," अवंती म्हणाली. "त्यातून काही दिसत नाही."

"थंडीत काय बघायचंय?"

"ती शाल थंडीसाठी नाहीये."

पडदा संपल्यावर मी पायात चपला घातल्या आणि समोर गेले. हेमाताई गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अवंती त्यांच्या पायाशी बसून येणारा दोरा दोन बोटांतून सोडत होती. माझा पडदा हिरवा होता. गल्ली ओलांडताना तो दोरा सायीच्या रंगाचा होत होता.

"हेमाताई, हा दोरा माझ्या घरातला आहे," मी म्हणाले.

"हो का? चांगला आहे," त्या म्हणाल्या. "गाठी नाहीत."

"पडद्याचा आहे."

"पडद्याचा दोरा पानांना बरा. अवंती, जरा सैल सोड."

अवंतीनं सैल सोडला. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मावशी, बस ना." पण बसायला दुसरी खुर्ची नव्हती, आणि पायाशी जागा होती ती तिनं घेतली होती. मी उभ्या उभ्या शाल पाहिली. हाताएवढीच झाली होती. साखळीचा टाका, खांबाचा टाका, पुन्हा साखळी, मधे भोक. प्रत्येक भोकातून त्यांची गॅलरी दिसत होती, पण होती त्याहून चांगली दिसत होती. मी विणलेल्या कशातून आजवर काहीच दिसलं नव्हतं. माझ्या तोंडात कच्चा आवळा खाल्ल्यासारखं झालं.

"छान होतेय," मी म्हणाले आणि घरी आले.

त्यानंतर रोज सकाळी काहीतरी जायचं. चादर गेली. गादीची खोळ गेली आणि कापूस पलंगावर उघडा पडला. मग भिंत जायला लागली. चुना आधी भुरभुरतो असं मला वाटलं होतं, पण तोही सरळ दोरा होऊनच निघाला, थोडा खरखरीत. खिडकीशेजारचा कोपरा उसवला तेव्हा धुकं आत आलं आणि शिवणयंत्रावर बसलं. जेवढी भिंत जायची तेवढं घर आखडायचं. खोलीच्या टोकाला असलेलं स्वयंपाकघर सरकत सरकत पलंगापाशी आलं. मी अंथरुणात बसून भाकरी उलटू शकत होते.

एके सकाळी मी कात्री घेऊन निघाले. स्वेटरची लोकर कापायची कात्री, धारदार. गल्लीच्या मधोमध दोरा माझ्या नाकासमोरून जात होता. तो कापला की काम तिथंच थांबलं असतं. वर गॅलरीत अवंती शालीचं झालेलं अंग कठड्यावर पसरून बघत होती. माझ्या भिंतीला कोपऱ्यात एक चीर होती. बहिणीच्या बाळंतपणात पाणी झिरपून पडलेली. मी ती दर दिवाळीला बुजवत आले आणि ती दर पावसाळ्यात उघडत आली. आता ती शालीत उतरली होती. नेच्याचं पान झाली होती, देठासकट, टोकाशी वळलेलं.

"मावशी, हे बघ," अवंती वरून म्हणाली. "हे सगळ्यात सुंदर झालंय."

"ती माझी चीर आहे," मी म्हणाले.

"आत्याला कसं जमतं कुणास ठाऊक."

मी कात्री पदराखाली घेतली आणि परत फिरले. मला हेमाताईंचा राग आला होता, पण पान माझं होतं. त्या दिवसापासून मी खिडकीत उभी राहून वाट बघायला लागले. सुई हलली की दोरा कुठून निघतोय ते पाहायचं आणि मधे काही अडकत असेल तर बाजूला करायचं. कपाट जाईना तेव्हा मी बिजागऱ्या ढिल्या करून दिल्या. अवंती शाल मिरवेल तेव्हा बायका विचारतील, कुणी विणली? अवंती म्हणेल, आत्यानं. पण आतल्या प्रत्येक खांबात माझी भिंत असेल, असं मी स्वतःशी म्हणायचे. त्यावर मला झोप लागायची.

मग एका सकाळी काहीच गेलं नाही.

मी उठले, गजाशी उभी राहिले. समोर हेमाताई विणत होत्या. सुई भरभर चालली होती. माझ्या खिडकीतून दोरा जात नव्हता. मला वाटलं तुटला असेल, म्हणून घरभर टोक शोधलं. घर तेव्हा चार पावलांत शोधून होण्याएवढंच उरलं होतं. टोक नव्हतं. बाहेर येऊन पाहिलं तर दोरा लोबोबाईंच्या छपरावरून येत होता.

लोबोबाई गल्लीच्या तोंडाशी राहतात. शाळेतल्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या, आता निवृत्त. कौलं एकेक करून सुटत होती आणि त्या अंगणात स्टुलावर बसून वर बघत होत्या. त्यांच्या मांडीवर मांजर होतं.

"निर्मलाबाई, बघा तरी," त्या मला म्हणाल्या. "माझं घेतलं. किनारीला."

किनारीला. मी तिथेच उभी राहिले. आजीच्या फोटोत सगळ्यांचं लक्ष आधी किनारीकडे जातं. शिंपल्यांमागून शिंपले. पानं नंतर दिसतात, आणि तीही कुणी दाखवली तर. अवंतीचा लोबोबाईंशी काय संबंध होता? पेपरमिंटच्या गोळ्या द्यायच्या, तेवढाच.

मी समोर गेले. या वेळी जिना मला अरुंद वाटला, भिंती दोन्ही खांद्यांना लागत होत्या.

"माझं घर संपलेलं नाही," मी हेमाताईंना म्हणाले. "अजून स्वयंपाकघर आहे."

"किनारीला जरा मऊ लागतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमचं ताठ येतं."

"कौल मऊ असतं?"

"त्यांचं आहे."

अवंतीनं बोटावरचा दोरा दुसऱ्या बोटावर घेतला.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. घरात सगळ्यात मऊ होतं ते तळाशी होतं. अवंतीची पहिली टोपी आणि झबलं, पिवळ्या लोकरीचं, बहीण गेली त्या हिवाळ्यात मी विणलेलं. तेव्हा मला फारसं विणता येत नव्हतं. पोर रडायची आणि मी तिला पायांवर झोपवून विणायचे. ते मी कुणाला कधी दिलं नव्हतं. मी ते छातीशी धरून समोर नेलं आणि हेमाताईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे घ्या," मी म्हणाले. "याहून मऊ कुणाकडे नसेल."

हेमाताईंनी झबलं उलटंपालटं केलं. गळ्याशी सुई घातली आणि ओढलं. काही आलं नाही. बाहीशी ओढलं. मग खालच्या काठाशी. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी सुई काढून घेतली आणि टोक वाकलंय का ते बघितलं.

"हे उसवत नाही," त्या म्हणाल्या. "फार घट्ट आहे."

"पुन्हा बघा."

"निर्मलाबाई, हे उसवत नाही."

अवंतीनं टोपी उचलली, मुठीवर बसवून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "राहू दे ना मावशी," ती म्हणाली. "असू दे तुझ्याकडे." ती हे प्रेमानं म्हणाली, आणि त्याच हातानं तिनं पुन्हा लोबोबाईंचा दोरा उचलला.

लग्नाच्या दिवशी गल्लीत मांडव होता. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मुलाकडची कोल्हापूरची मंडळी गाड्यांत सामान भरायला लागली, आणि शाल अजून पुरी झाली नव्हती. एक टोक राहिलं होतं, तळहाताएवढं. लोबोबाईंचं छप्पर संपलं होतं. त्या उघड्या खोलीत नवी साडी नेसून बसल्या होत्या आणि येईल जाईल त्याला किनार दाखवत होत्या. किनारीमागची पानं पुरी करायला माझंही उरलेलं गेलं होतं; घराचा उंबरा आणि त्यामागे चूल, एवढंच राहिलं होतं. मला उभं राहायला जागा होती, वळायला नव्हती.

हेमाताई पाठराखीण म्हणून जाणार होत्या. ते कधी ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. त्या पैठणी नेसून, सुई हातात घेऊन माझ्या उंबऱ्याशी आल्या. मागे हिरव्या चुड्यातली अवंती, खांद्यावर शाल, एका बाजूला ते अपुरं टोक.

"काही उरलंय का?" हेमाताईंनी विचारलं.

"चूल आहे," मी म्हणाले.

"चूल नको. काळं येईल."

"मग मला घ्या."

त्यांनी यावर विचार केला. मग माझा उजवा हात हातात घेऊन त्या बोटं तपासायला लागल्या, लोकरीच्या गुंड्याचं टोक शोधतात तशा. नखांच्या कडा पाहिल्या. मनगट वळवून पाहिलं. केसांची वेणी उचलली, कानामागे पाहिलं. त्यांची बोटं गार होती आणि त्यांना कामाची सवय होती. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांखाली फार जागरणं दिसत होती. मला वाटलं, या बाईलाही कुणीतरी जरा नीज म्हणायला हवं होतं. तरी मी हात काढून घेतला नाही. मला माझं टोक सापडायला हवं होतं.

"सापडत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेवटची गाठ आत मारता."

"स्वेटरला तशीच मारतात. मुलांना टोचू नये म्हणून."

"तेच तर."

गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी म्हणालं, घाटात धुकं उतरायच्या आत निघायला हवं. अवंती वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. शाल माझ्या गालाला लागली. तिला माझ्या पडद्याचा, चुन्याचा, लोबोबाईंच्या कौलांचा वास येत होता. किनार खरंच मऊ होती.

"मावशी, रडू नकोस," अवंती म्हणाली. "मी येते गं."

"ये," मी म्हणाले. मी रडत नव्हते.

तिनं हात सोडवून घेतले तेव्हा चुड्याला माझ्या मानेपाशी काहीतरी अडकलं. मला बारीकशी ओढ लागली. अवंतीला कळलं नाही. ती मांडवातून चालत गेली, बायका तिच्या ओटीतले तांदूळ सावरत होत्या, आणि तिच्या हिरव्या बांगड्यांमधून एक दोरा माझ्यापर्यंत येत होता. निघताना तो माझ्या रंगाचा होता. मांडवाच्या मधोमध तो सायीचा होत होता.

ते एकट्या हेमाताईंनी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, गाडीत अवंतीच्या शेजारी बसल्या, चुड्यातून दोरा सोडवून घेतला आणि मांडीवर शालीचं अपुरं टोक ओढलं. काच वर करताना त्यांनी दोऱ्यापुरती फट ठेवली.

गाडी निघाली. लोबोबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोरा पाहिला, माझी मान पाहिली.

"टोक तुमचं होणार तर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "किनार शेवटी टोकाशीच येऊन संपते."

"हो," मी म्हणाले.

गाडी बाजारातून खाली गेली, घाटाच्या पहिल्या वळणावर दिसली आणि वळली. दोरा रस्त्यावरून उचलला गेला. मांडवाच्या वर आला, सुरूच्या झाडांच्या मधून सरळ झाला, आणि धुक्याचे थेंब त्यावर ओळीनं बसले. माझी मान गार पडली. मग खांदा. मी आधारासाठी दाराची चौकट धरायला हात पुढे केला, पण ती कधीच शालीत गेली होती.