कपाटामागची भिंत

"कुणी बघायला येतंय म्हटलं की आधी शेगडी पेटवायची, मग दार उघडायचं. थंड घर दाखवणं म्हणजे उघडी पाठ दाखवणं, ग्लेनिस. कळलं?"

हा आवाज ग्लेनिसच्या आईचा. दारातल्या पायरीवर गुडघे टेकून, दगड ब्रशने घासता घासता ती हे बोलायची. खाली दरीत तेव्हा खाण चालू होती. वाळत घातलेल्या चादरीवर दुपारपर्यंत कोळशाची काजळी बसायची, आणि आई ती चादर मुकाट्याने पुन्हा धुवायची. मदत द्यायच्या आधी काम सुटलेल्यांची घरं तपासायला पूर्वी सरकारी माणूस यायचा, कपाटं उघडून बघायचा, म्हणे. आईने लहानपणी ते पाहिलेलं. त्यानंतर बघायला येणारा कुणीही तिला आपला वाटला नाही.

आई गेली, खाण मिटली, प्रार्थनेच्या चॅपलमध्ये गालिच्यांचं दुकान आलं. आमच्या दगडी घरांच्या ओळीत पायरी घासणारी एकटी ग्लेनिस उरली. सत्तरी ओलांडली होती, तरी घासायची. पायरी चकचकीत आणि आत भिंतींना ओल. धुकं डोंगर चढतं तशी ओल भिंत चढते, गुपचूप, पाय न वाजवता.

त्या नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याला, हेडनला, छातीने धरलं. अर्धं आयुष्य खाणीत गेलेलं, फुप्फुसात धूळ. रुग्णालयातून तो वाचून बाहेर आला खरा, पण घरी नाही आला. डॉक्टरीणबाईंनी ग्लेनिसला बाजूला घेऊन सांगितलं, "मिसेस प्रोबर्ट, त्या ओल्या खोलीत हे पुन्हा झोपले तर पुढच्या खेपेला मी काही करू शकणार नाही. घर कोरडं आणि उबदार झालं की न्या."

तोवर त्याला टेकडीवरच्या वृद्धांच्या निवाऱ्यात तात्पुरती खाट मिळाली. मुलगी र्‍हिअन कार्डिफला राहायची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. तिथे दोन पायऱ्या चढूनच हेडनचा श्वास संपला असता. तेव्हा एकच वाट होती. घर नीट व्हायला हवं होतं, आणि ते करण्याइतका पैसा त्या घरात कधीच नव्हता.

र्‍हिअननेच शोधून काढलं. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, योजना होती. ज्या घरात उत्पन्न थोडं आणि कुणाला छातीचा आजार, त्या घराच्या भिंतींना आतून अस्तर, छपराखाली जाड थर, घर तापवणारा नवा बॉयलर, सगळं अनुदानातून. अर्ज तिने भरला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. राहिली ती पाहणी.

"आई, तुला काही म्हणजे काही करायचं नाहीये," ती फोनवर म्हणाली. "बाई येईल, घर बघेल. आहे तसं दाखव."

"आहे तसंच दाखवीन. दुसरं घर कुठून आणू?"

"तू आवरायला लागशील म्हणून सांगते."

"थोडा केर तर काढू देशील?"

केर काढायला म्हणून ग्लेनिस उठली आणि तीन दिवस बसली नाही. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशी होती, काळी, मऊ, मांजराच्या पाठीसारखी. ती तिने ब्लीचने घासली. घासून राहिली ती ठिगळं पांढऱ्या रंगाने झाकली. जिथे रंगच धरेना, फुगून पापुद्रा सुटायला लागला, तिथे लग्नातलं ओकच्या लाकडाचं कपाट ढकलत नेलं. खांद्याने, कमरेने, देवाचं नाव घेत. मग ती शेजारच्या बेटीकडे विजेच्या शेगड्या मागायला गेली.

"दोन्ही हव्यात?" बेटी म्हणाली. "कोण येतंय गं?"

"कौन्सिलची बाई."

"अगं, मग गारठू दे की तिला! घर थंड आहे म्हणूनच येतेय ना?"

"दारात आलेल्या माणसाला कुडकुडत ठेवू?"

"धन्य तुझी. तुझ्या नवऱ्याने कबुतरांच्या खुराड्याला आतून फळ्या मारल्या, लोकर कोंबली, वारा आत येणार नाही असं करून ठेवलंय. कबुतरांना ऊब आणि बायकोला ओल! तू तिला खुराड्यातच बसव, चहा तिथेच दे."

ग्लेनिस हसली आणि शेगड्या घेऊन आली.

कौन्सिलची बाई, कॅरिस मॅथायस, गुरुवारी आली. चाळिशीची, बोलणं मऊ, गळ्यात ओळखपत्र. ग्लेनिसने तिला पुढच्या खोलीत बसवलं. ती खोली पाद्री आले, डॉक्टर आले किंवा घरात कुणी गेलं, तरच उघडायची. आज तिथे विस्तव होता, तव्यावरच्या मनुकांच्या केकांचा वास होता, आणि पडदे इस्त्रीचे होते.

"किती छान ठेवलंय हो घर," कॅरिस म्हणाली.

ग्लेनिसच्या छातीत ऊब पसरली. विस्तवाची नव्हती ती.

कॅरिस खोलीखोलीतून फिरली. भिंतीला यंत्र लावून ओल मोजली. शेगड्या तीन दिवस पेटत्या होत्या, आकडा बरा आला. झोपायच्या खोलीत ती कपाटासमोर थांबली.

"याच्या मागे काही?"

"कागद आहे भिंतीवर. गुलाबाचा. माझ्या सासूने लावलेला."

"कोरडी आहे ना भिंत?"

"हो की."

"आणि तुम्हाला, मिसेस प्रोबर्ट? हिवाळ्यात थंडी वाजते का घरात?"

"छे! आम्ही इथलीच माणसं. सवय असते. केक घ्या ना अजून एक."

जाताना कॅरिस दारात रेंगाळली, काही विचारायचं राहिलं आहे अशी. मग गेली. ग्लेनिसने रंगाचा डबा परसात नेऊन ठेवला आणि आपण जिंकलो असं तिला वाटलं.

दोन आठवड्यांनी नकार आला. घर कोरडं आहे, उबदार आहे, निकषात बसत नाही.

र्‍हिअन फोनवर आधी कौन्सिलवर भडकली, मग एकदम थांबली. "आई, तू तिला काय दाखवलंस?"

"घर दाखवलं."

"आई."

"पुढची खोली दाखवली. चहा दिला. तुला काय हवं होतं, घाण दाखवायला हवी होती मी?"

"बाबा तिथे खाटेवर पडलाय, आई," एवढंच र्‍हिअन म्हणाली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

टेकडीवर जायला बस होती. ग्लेनिस रोज जायची. हेडन खिडकीजवळ बसलेला असायचा, दुसऱ्याच कुणाच्यातरी स्वेटरमध्ये, कारण तिथे धुणं एकत्र व्हायचं.

"काय म्हणते कौन्सिल?"

"चाललंय."

"चाललंय म्हणजे? गोगलगायीवर बसून?"

"हो, तसंच काहीसं."

"त्या बाईला म्हणावं, माझ्या कबुतरांना पत्र देऊन पाठव. ती लवकर पोचतील."

शेजारचे म्हातारे हसायचे, तीही हसायची. परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेवर तिचा चेहरा यायचा आणि ती दुसरीकडे बघायची. घरी आल्यावर कोट काढायची नाही. शेगड्या बेटीला परत गेल्या होत्या. रंगाखालून काळं पुन्हा वर येत होतं. अळूच्या पानासारखे डाग, एकेक मोठे होणारे. ती त्यांच्याकडे पाठ करून झोपायची. पाठीला ते कळायचे.

लाज दोन प्रकारची असते. एक लोकांनी बघितल्याची, दुसरी लोकांपासून लपवल्याची. पहिलीला आपण जन्मभर घाबरतो. दुसरी मात्र बाहेरून आत येत नाही, ती भिंतीतूनच फुटते.

नाताळ टेकडीवर गेला. कागदी टोप्या, दाणेदार ग्रेव्ही, कुणीतरी वाजवलेला पियानो. जानेवारीत हेडनने कौन्सिलचं विचारणं सोडलं. ग्लेनिसला आधी हायसं वाटलं. मग एके दुपारी तो भेटायला आलेल्या बेटीच्या नवऱ्याला म्हणाला, "कबुतरं देऊन टाक कुणाला तरी. उगाच तुला दाणे घालत बसायला नको."

"अरे, तू येशीलच की परत."

"देऊन टाक," हेडन म्हणाला. आवाजात चिडही नव्हती.

ग्लेनिस त्या दिवशी बसने आली नाही, चालत उतरली. घरी येऊन तिने कोट न काढताच फोन लावला.

"मिस मॅथायस? मी ग्लेनिस प्रोबर्ट. तुम्ही पुन्हा या. चूक झाली पाहणीत." तिने श्वास घेतला. "तुमची नाही."

"येते ना. फेरतपासणीची सोय आहे, डॉक्टरांचं पत्रही आहेच आपल्याकडे. मंगळवारी चालेल?"

"नाही, नाही. दिवस सांगू नका."

"म्हणजे?"

"सांगितलात तर मी पुन्हा घासून ठेवीन. मला माहितीये. मी थांबवू शकणार नाही स्वतःला. तुम्ही अचानक या."

कॅरिस अचानक आली. सकाळची बशी तशीच ओट्यावर, पायरीवर चिखल. ग्लेनिसने दार उघडलं तेव्हा अंगात कोट, डोक्यावर लोकरी टोपी आणि बोटं निळी. तिने पाऊल मागे घेतलं, दार लावून घेणार होती जणू. मग दार तसंच धरून उभी राहिली, कॅरिस आत येईपर्यंत.

बोलताना दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती. झोपायच्या खोलीत ग्लेनिसने कपाटाला खांदा लावला.

"थांबा, मीही लावते."

दोघींनी ढकललं. मागे सासूचे गुलाब होते, पण कागद भिंतीपासून सुटून वाकला होता, आणि त्याच्या आत जे काळं होतं ते छतापर्यंत गेलं होतं. वास आला. ग्लेनिस खाली बघत राहिली. कुणा परक्याने तिला अंघोळीच्या टबात बघावं, तसं तिला झालं. कॅरिसने फोटो काढले, यंत्र लावलं. यंत्र किरकिरलं.

"मागच्या वेळी रंगाचा वास आला होता मला," ती हळूच म्हणाली. "पण माझ्या अर्जात वासासाठी रकाना नाही. दिसलं तेच लिहिता येतं, आणि तुम्ही सांगाल ते. आता विचारते पुन्हा. थंडी वाजते का तुम्हाला, मिसेस प्रोबर्ट?"

ग्लेनिसने टोपी काढली, हातात चुरगळली. केस टोपीने चपटे झाले होते.

"वाजते," ती म्हणाली. "रोज वाजते."

फेब्रुवारीत मंजुरी आली. मग माणसं आली. त्यांनी गुलाबांसकट गिलावा खरवडला, भिंती वाळवल्या, आतून जाड अस्तर बसवलं, छपराखाली थर अंथरला, स्वयंपाकघरात नवा बॉयलर टांगला. एप्रिलमध्ये हेडन घरी आला. बेटीच्या नवऱ्याने कबुतरं कुणालाच दिली नव्हती. "विसरलो," म्हणाला. हेडन झोपायच्या खोलीत उभा राहिला, भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या आठवड्यात काम पूर्ण झाल्याची शेवटची पाहणी करायला कॅरिस आली. हेडन मागच्या खोलीत खुर्चीत बसला होता, अंगात स्वतःचा स्वेटर.

"म्हणजे तुम्हीच त्या!" तो म्हणाला. "या, या. गोगलगाय सोडून बसने आलात वाटतं?"

"हेडन," ग्लेनिस दारातून म्हणाली. हातात चहाचा ट्रे होता.

"बोलू दे मला. बाई, घर छान केलंत, नाही म्हणत नाही. पण अख्खा हिवाळा! नाताळात मी डोक्यावर कागदी टोपी घालून परक्या माणसांत बसलो होतो. एक म्हातारा माझ्या शेजारच्या खाटेवर गेला, फेब्रुवारीत. मला वाटलं, पुढचा मी. तुम्हा लोकांना कागद हलवायला एवढे महिने लागतात? इथे माणूस बसलेला असतो हो, वाट बघत."

कॅरिसचा चेहरा लाल झाला. तिने एकदाच ग्लेनिसकडे बघितलं आणि नजर कागदावर वळवली. "तुम्हाला त्रास झाला, मिस्टर प्रोबर्ट," ती म्हणाली. "त्याचं वाईट वाटतं मला." पेन उचललं आणि लिहायला लागली.

तेवढ्यावर ते मिटलं असतं. हेडनचा राग दोन घोटांचा असायचा. चहा प्यायला असता, कबुतरं दाखवायला तिला परसात घेऊन गेला असता. ग्लेनिसला ते ठाऊक होतं. तिने ट्रे जमिनीवरच ठेवला.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "ती वेळेवर आली होती. नोव्हेंबरातच. मी भिंत रंगवली होती, हेडन. तिच्यापुढे कपाट लावलं, बेटीच्या शेगड्या पेटवल्या आणि हिला तोंडाने सांगितलं, घर कोरडं आहे म्हणून. मला लाज वाटली आपल्या घराची. तुला हिवाळाभर तिथे कौन्सिलने नाही, मी ठेवलं."