कोनच्या चिंचेखालचे बगळे

रविवारी सकाळी यामिनी कोनला पोचली तेव्हा हौसाबाई खराटा हातात धरून चिंचांखाली नुसतीच उभी होती. एरवी यामिनीला लांबून बघितलं की ती "ये गो बाय" म्हणून हाक मारायची. आज तिने फक्त खाली बोट दाखवलं.

चिखलात बगळ्यांची पिल्लं पडली होती. काही मेलेली, काही माना टाकून बसलेली. यामिनीने मोजली. मेलेली अकरा.

"भुकेली हायत," हौसाबाई म्हणाली. "पाच दिस पाऊस थांबला न्हाय. खाडीला पानीच पानी. आयबापांना मासली गावत न्हाय, तं पोरां काय खातील?"

यामिनी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. चार वर्षांपूर्वी तिने पाच-सहा जणांना जमवून रविवारचा पक्षीगट सुरू केला होता. कल्याण रस्त्यालगतच्या कोन गावात, तळ्याकाठी, दोन जुन्या चिंचा आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर बगळे, रातबगळे आणि पाणकावळे घरटी करतात. गट दर रविवारी येऊन घरटी मोजायचा. गेल्या वर्षी एकशे त्रेचाळीस भरली होती.

गावाला आधी या पक्ष्यांचा वीट आला होता. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर घाण पडायची, मासळीचा वास घराघरात शिरायचा. झाडांचे मालक तुळशीराम पाटील यांनी एका वर्षी दोन फांद्या उतरवल्याही होत्या. मग गटातल्या लोकांनी वाटेवर हिरवी जाळी बांधली आणि दर रविवारी ती स्वतः धुवायला सुरुवात केली. शहरातली शिकलेली माणसं गुडघाभर पाण्यात बगळ्यांची घाण धुताना बघून गाव आधी हसलं, नंतर गप्प झालं, आणि मग झाडांना कोणी हात लावला नाही.

हौसाबाई म्हणजे तुळशीरामची विधवा वहिनी. तिचं घर चिंचांच्या मागेच. साठेक गावठी कोंबड्या पाळून ती आपलं भागवायची. झाडावरून पडलेलं पिल्लू जिवंत असलं तर टोपलीत ठेवायची, खाडीतला कोलीम, म्हणजे बारीक जवळा, भरवायची, आणि पंखात जोर आला की सोडून द्यायची. यामिनीने पक्ष्यांबद्दल पुस्तकांतून जे मिळवलं होतं त्यातलं निम्मं हौसाबाईला हाताने माहीत होतं.

त्यामुळे ती "भुकेली" म्हणाली तेव्हा यामिनीला ते पटलं. पण तेवढ्यात झाडाच्या पलीकडून अनिमेषने हाक मारली.

"ताई, जरा इकडे या."

अनिमेष एका गोदामात सुपरवायझर होता आणि गटात पहिल्या दिवसापासून होता. त्याच्या पायाशी तीन मोठे बगळे मरून पडले होते. भिजलेले, पण अंगाने भरलेले. उपाशी पक्ष्याची छाती हाडाला लागते. या तिघांची तशी नव्हती.

दोघांच्या मनात एकच शंका आली. यामिनीने पिशवीतून फोन काढला. थोड्या अंतरावर हौसाबाईच्या कोंबड्या त्याच चिखलात चोची मारत फिरत होत्या.

"फोन करू नका," अनिमेष हळू आवाजात म्हणाला. "बर्ड फ्लू हा शब्द गावात शिरला ना, की उद्या झाडं आडवी होतील. चार वर्षं गेली आपली."

"आणि असलाच बर्ड फ्लू तर? हौसामावशी रोज पिल्लं हातात घेते."

"नसला तर?"

"ते बघून आपल्याला कळणार आहे का?"

यामिनी रस्त्याच्या दिशेने वीसेक पावलं गेली आणि तिने तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांना फोन केला. माहिती दिली, पत्ता सांगितला. मग परत येऊन तिने हौसाबाईला सांगितलं.

हौसाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"म्हंजे तू फोन करून आलीस, आन आता मना सांगतेस."

"मावशी, तुझ्यासाठीच—"

"माज्या दारातनं फोन केलास. मना इचारलास न्हाय."

अकरा वाजता डॉक्टर दोन माणसं घेऊन आले. पांढरे झगे, हातमोजे, तोंडाला मास्क. त्यांनी मेलेले पक्षी पिशव्यांत भरले, हौसाबाईच्या चार कोंबड्यांच्या घशातले नमुने घेतले, सगळीकडे चुन्याची पावडर मारली. नमुने पुण्याला जाणार होते, अहवाल शुक्रवारी यायचा होता. तोवर कोंबड्या खुराड्यात बंद. एकही विकायची नाही, एक अंडंसुद्धा बाहेर जाता कामा नये.

तोपर्यंत निम्मा गाव जमला होता. तुळशीराम पुढे झाले. "आन तो रोग निघाला तं?"

"मग वरून आदेश येईल तसं," डॉक्टर म्हणाले. जरा थांबून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "कोंबड्या सहसा ठेवता येत नाहीत."

पुढच्या रविवारी गटारी होती. श्रावण लागण्याआधीची शेवटची कोंबडी खायची, तर ती हौसाबाईकडची, असं गावातल्या निम्म्या घरांनी ठरवून ठेवलं होतं. वर्षभर ती त्या एका दिवसाच्या भरवशावर कोंबड्या वाढवायची. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर यामिनी पुन्हा कोनला गेली. डॉक्टरांनी झाडांजवळ जाऊ नका, पण रोज लांबून बघून किती पक्षी मेले ते कळवा, असं सांगितलं होतं. ती रस्त्याच्या कडेला छत्री आणि दुर्बीण घेऊन उभी राहिली. मेलेले सहा. ज्या घरांतून तिला चहाला बोलावणं यायचं, त्यांच्या ओट्यांवर माणसं होती, पण कोणी बोलावलं नाही. थोड्या वेळाने अनिमेष आला आणि शेजारी उभा राहिला.

तुळशीराम छत्री घेऊन त्यांच्याकडे आले. "बाई, मी करवतवाल्याला सांगून ठेवलंय. बुधवारी येल तो. दोनी झारां काढून टाकतो. कटकटच नको."

अनिमेषने यामिनीकडे बघितलं. बघ, मी सांगितलं होतं, असं त्या बघण्यात होतं.

"दादा," यामिनी म्हणाली, "झाडं तुमची आहेत. पण आत्ता तोडली तर पिल्लं मरतील आणि मोठे पक्षी उडून जातील. कुठे जातील? पिंपळास, काल्हेर, कुठल्याही तळ्यावर. खरंच रोग असेल तर तो आपण हाताने गावोगाव वाटल्यासारखं होईल. आत्ता तो निदान या दोन झाडांवर आहे."

तुळशीराम झाडांकडे वळले. ते तापट होते, पण समजून घेणारे होते.

"शुक्रवारपावेतो," ते म्हणाले. "त्याच्या म्होरं मी कोनाचं ऐकनार न्हाय."

मंगळवारी दुपारी पाऊस थांबला. त्या दिवशी चार. बुधवारी ऊन पडलं आणि खाडीकडून येणारे बगळे दुर्बिणीतून नीट दिसायला लागले. एकामागून एक झाडावर उतरत होते, आणि उतरले की घरट्यांतून पिल्लांचा एकच कालवा उठत होता. मेलेलं फक्त एक.

यामिनीला वाटलं, धावत जाऊन हौसाबाईला सांगावं. पण दार बंद होतं, आणि एका बुधवारवरून काही ठरत नव्हतं.

घरी तिला जेवण जात नव्हतं. ताटातला भात ती इकडून तिकडे करत होती. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, दोन दिवस बघितलं आणि बुधवारी रात्रीच्या जेवणात विचारलं, "फोन केलास ते चुकलं असं वाटतंय का तुला?"

"नाही, माई. फोन करायलाच हवा होता. तिला आधी सांगितलं नाही, ते चुकलं. मला भीती वाटली, ती नको म्हणेल. आणि ती नको म्हणाली असती तर मला करवला नसता."

"हे तिला सांगितलंस?"

"अहवाल येऊ दे, मग सांगीन."

"अहवाल चांगला आला तर तुझ्या माफीला काय किंमत? आणि वाईट आला तर ती ऐकायच्या मनःस्थितीत असेल का?" माईंनी तिच्या पानात आमटी वाढली. "उद्याच सांग."

गुरुवारी संध्याकाळी यामिनी हौसाबाईच्या दाराशी गेली. दार उघडलं नाही. खिडकीच्या गजांमागे हौसाबाई बसली होती, म्हणून ती खिडकीशीच उभी राहिली आणि माईंना जे सांगितलं होतं तेच तिने तिलाही सांगितलं. भीती वाटली, म्हणून न विचारता केलं. तू मला घरातली समजून वागवलंस आणि मी तुझ्या पाठीमागे फोन केला.

आत खुराड्यातल्या कोंबड्या कलकलत होत्या. पाच दिवस त्या बाहेर आल्या नव्हत्या.

"आन उद्या वंगाल आला तं?" हौसाबाईने विचारलं.

"तर मी येईन. तुझ्याजवळ उभी राहीन."

"तू उभी राह्यलीस तं माज्या कोंबऱ्या जगतील का?"

"नाही," यामिनी म्हणाली.

हौसाबाईने खिडकी मात्र लावून घेतली नाही. यामिनी थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग निघाली. त्या दिवशी झाडांखाली एकही पक्षी मेलेला नव्हता.

शुक्रवारी बारा-वीसला, पाचव्या तासाला निघताना, जिन्यात तिचा फोन वाजला.

"निगेटिव्ह आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "सगळे. पक्षीही आणि कोंबड्याही."

यामिनी जिन्यातच थांबली. वरून सातवीची मुलं उतरत होती, ती बाईंना वळसा घालून गेली.

"मॅडम, ऐकताय ना? पिल्लांची पोटं रिकामी होती. उपासमार, आणि वरून पावसाचा मारा. मोठ्या तिघांचं वेगळं आहे. त्यांच्या पायांना आणि पंखाखाली भाजल्याच्या खुणा सापडल्या. विजेचा धक्का. तिथे झाडाजवळून तार जाते का बघा."

"कोंबड्या सोडायच्या?"

"सोडा. विका. खुशाल खा."

तिने उरलेल्या दोन तासांची सुट्टी मागून घेतली, अनिमेषला फोन केला, आणि रिक्षाने कोन गाठलं. वाटेत तुळशीरामचं घर लागलं. ते ओट्यावरच बसले होते आणि तिच्याकडे बघून उठले. ती हात जोडून "आलेच दादा" म्हणाली आणि पुढे गेली. या वेळी आधी कोणाला सांगायचं ते तिला पक्कं माहीत होतं.

हौसाबाई मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती.

"मावशी, रोग नाही. कुणालाच नाही. कोंबड्या सोड."

सूप हातातच राहिलं. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. मग तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय, ते यामिनीला आधी कळेना. दोन्ही होतं.

"पिल्लं उपाशी होती," यामिनी म्हणाली.

"मी बोल्ली व्हती ना?"

"बोलली होतीस. पहिल्याच दिवशी."

"मंग! झगे घालून आले, पिशव्या भरून नेल्या, आन पाच दिसांनी हेच सांगतात." ती उठली, डोळे पुसले आणि खुराड्याची कडी काढली. पहिली कोंबडी दाराशी थबकली, तिने मान वाकडी करून ऊन बघितलं, आणि मग तिच्या मागून सगळ्या एकदम बाहेर सांडल्या. अंगण भरून गेलं. एक कोंबडी यामिनीच्या पायावरूनच पळाली.

तोवर तुळशीराम आणि अनिमेष तिथे आले होते. यामिनीने तारेचं सांगितलं तेव्हा चौघंही झाडांखाली गेले. बघायला वेळ लागला नाही. पावसाने जड झालेली एक लांब फांदी खाली झुकून थेट शेजारच्या गोदामाकडे जाणाऱ्या विजेच्या तारांना टेकली होती.

"ही फांदी उतरवायला पायजे," तुळशीराम म्हणाले आणि त्यांनी जरा बिचकत यामिनीकडे बघितलं. "ही एकच."

यामिनीने दुर्बीण लावून फांदी टोकापर्यंत तपासली, मग दुर्बीण अनिमेषकडे दिली. त्यानेही बघितलं.

"घरटं नाही हिच्यावर," तो म्हणाला. "उतरवा. लाईन बंद करून घेऊ आधी."

"आन बाकीची झारां?" हौसाबाईने दिराला रोखून विचारलं.

"बाकीच्याला कोन हात लावतंय?" तुळशीराम म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "मी तं नुसतं बोल्लो व्हतो." मग ते अनिमेषला घेऊन वीजवाल्यांना फोन लावायला गेले.

यामिनी निघायला वळली तर हौसाबाईने तिचं मनगट धरलं.

"पुढल्या टायमाला आदी मना सांगशील."

"आधी तुला सांगीन. पण तू नको म्हणालीस तरी फोन करीन, मावशी."

हौसाबाईने मनगट सोडलं नाही. "कर ना. मी नको बोलंन, तू तरीबी कर. पन भांडून कर, चोरून नको." मग तिने मनगट सोडून तिला घरात ढकललं. "चल आत. तोंड बघ कसं झालंय. चार दिस जेवली न्हायस वाटतं."

चुलीवर तांदळाच्या भाकरी होत्या, कालच्या कोलमाची चटणी होती. यामिनी जमिनीवर मांडी घालून बसली. बाहेर झाडांवर पिल्लांचा कालवा चालला होता, आणि त्यात कोंबड्यांचा भर पडला होता. एकमेकींचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. पहिली भाकरी कधी संपली ते तिला कळलंच नाही. हौसाबाईने न विचारता दुसरी ताटात टाकली.