न सांडणारा चमचा

आमचे हे चौतीस वर्षं लेथ मशीनवर होते. कारखान्यात सगळे त्यांना 'मायक्रॉन' म्हणायचे. लोखंडी दांड्यावरून बोट फिरवून ते सांगायचे, "केसभर जाड आहे," आणि मोजला की तो तेवढाच जाड निघायचा. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी तोच हात कापायला लागला. आधी अंगठा, मग अख्खं मनगट. चमचा तोंडाशी जाईपर्यंत रिकामा व्हायचा. मी भरवायला गेले की तोंड मिटून घ्यायचे. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणायचे आणि अर्धपोटी उठायचे. मग मीही माझं ताट झाकून ठेवत असे.

डॉक्टरांकडे एक मुलगी भेटली. कापऱ्या हातांसाठी चमचा बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती डिझायनर होती. दांड्यात मोटर बसवायची, हात एकीकडे हलला की मोटरने दुसरीकडे हलायचं आणि पुढचं टोक जागच्या जागी ठेवायचं, अशी कल्पना.

"काका, जे वापरणार त्यांना विचारूनच बनवायचाय आम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चुका काढायच्या."

"चुका काढायचा तर मी जन्मभर पगार घेतला," हे म्हणाले.

मग ती दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायला लागली. पहिला नमुना ह्यांनी हातात घेण्याआधीच नापास केला. "दांडा गोल कुणी केला? टेबलावरून घरंगळतो. मी त्याच्यामागे धावू का?" तिने दांड्याची खालची बाजू सपाट करून आणली. दुसऱ्याला मुगाएवढं बटण होतं. हे म्हणाले, "हे बटण ज्याला दाबता येईल त्याला हा चमचा लागतोच कशाला?" ती हसली आणि मग बराच वेळ वहीत लिहीत बसली. पुढच्या नमुन्याला बटणच नव्हतं, उचलला की आपोआप सुरू व्हायचा. "वजन मागे ने," ह्यांनी सांगितलं. "तळहातात बसलं पाहिजे, बोटांवर नको."

एकेक बदल व्हायला तीन-चार महिने लागत. साचा नव्याने करायचा, वरच्यांची मंजुरी घ्यायची. ती बिचारी दरवेळी माफी मागायची. ह्यांना मात्र त्याचं काही वाटत नसे. मंगळवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी खुर्चीत बसलेले असत. पुन्हा कामाला लागल्यासारखे.

दुखणंही आपलं काम करतच होतं. शर्टाची बटणं मी लावायला लागले. पावलं आखूड झाली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की हाताची थरथर कमी झालीय. मी आनंदाने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ह्यांना आत थांबवलं आणि मला बाहेर नेलं. म्हणाले, "कमी नाही झाली. हात आखडतोय. यापुढे तो वाकणं कठीण होत जाईल."

त्या मुलीला सांगायला हवं होतं का? जीभ रेटली नाही. आणि सांगून तिने तरी काय केलं असतं? नमुन्यातलं यंत्र हाताची थरथर मोजायचं, ते आकडे तिला दिसत असणारच. तीही बोलली नाही.

पहिल्या मंगळवारानंतर दोन वर्षांनी ती तयार चमचा घेऊन आली. पांढऱ्या खोक्यात, दागिना असावा तसा. मी वाटीभर सूप ठेवलं. ह्यांनी दांडा पकडला, सूप घेतलं, चमचा उचलला. एक थेंब सांडला नाही. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कोपर पुढे वाकेना. हे मान खाली घालून ओठ पुढे करत राहिले. चमचा आपला तसाच, हूं की चूं न करता, सूप सांभाळून उभा.

तिने कोपराखाली हात धरला.

"थांब," हे म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. मग चमचा हळूच टेबलावर टेकवला. "तीन इंच कमी पडतात."

"मी दांडा लांब करून आणते, काका. थोडा वाकवून."

"नको, बेटा. लांब केलास तर बाकीच्यांच्या हाताला जड होईल. चमचा बरोबर आहे. माप माझं बदललं."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आम्ही लवकर करायला हवा होता." तिने काही वेळकाढूपणा केला नव्हता. मी चमचा उचलून ह्यांच्या तोंडाशी नेला. माझ्या स्थिर हातात मोटर गप्पच होती. ह्यांनी डोळे मिटले आणि सूप घेतलं. सगळी वाटी संपेपर्यंत ती मुलगी समोर बसून होती. चमचा कसा वाटला ते भरून घ्यायचा कागद तिने पिशवीतून काढलाच नाही.

चमचा बाजारात आला, चांगला चालतोय म्हणे. त्यानंतरही ती दोनदा नुसतीच भेटायला आली. चहा गार होईपर्यंत बसली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. कंपनीने तिला दुसऱ्या कामावर घेतलंय. ठेवता ठेवता म्हणाली, "काकू, इतक्या वेळा आले मी. तुम्हाला काय हवं होतं, ते कधी विचारलंच नाही."

मी विचार केला. खरंच केला. आतून हे कूस बदलून द्यायला हाक मारत होते.

"आता काही सुचत नाही गं," म्हटलं, आणि फोन ठेवून आत गेले.