एबेर्तोच्या आईचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पण मी भाजीचा भोपळा नव्हे. उरुग्वे देशात साल्तो गावाबाहेर, संत्र्यांच्या बागांना लागून आमची वस्ती आहे. तिथे दोन्या इदालिनाच्या कुंपणावर मी मुठीएवढा वाढलो. दोन्या म्हणजे बाई. सगळे तिला मानाने तशीच हाक मारतात. तिने मला वाळवलं, कोरलं, आतून चमच्याने खरवडलं आणि ओला पाला भरून मुरवलं. तेव्हापासून त्या पाल्यावर पाणी ओतून केलेलं, मते नावाचं आमचं कडू, गरम पेय माझ्यातून प्यायलं जातं.

मते एकट्यादुकट्याने प्यायची गोष्ट नाही. पाणी ओतणारा एकच असतो. पहिला घोट फार कडू लागतो, म्हणून तो त्यानेच प्यायचा. मग भोपळा हातोहात फिरतो. नळीही एकच, सगळ्यांची. गोलात बसलेल्या कोणालाही वगळायचं नाही. वगळलं तर चारचौघांत तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

इदालिनाच्या अंगणात माझे दिवस फार सुखाचे गेले. तिचा एकुलता एक मुलगा एबेर्तो लहान असताना ती माझ्यात दूधसाखर घालून त्याला द्यायची. नळी चावून चावून त्याने वाकडी केली होती. शेजारची मिरेया आणि तिची आई रोज संध्याकाळी यायच्या. पुढे एबेर्तो आणि मिरेया दोघेही संत्री निवडून खोक्यांत भरायच्या कारखान्यात कामाला लागले. मिरेया नळी तोंडाला लावताना डोळे मिटायची. मला ती फार आवडायची, आणि एबेर्तो तर आमचाच.

याच एबेर्तोने एका संध्याकाळी काम सुटल्यावर कारखान्याच्या कोठीघरात मिरेयावर जबरदस्ती केली. ती गप्प बसली नाही. पोलीस आले, खटला झाला, त्याला तुरुंगात धाडलं.

जाण्याआधी अंगणात त्याने आईला सांगितलं ते मी ऐकलं. तो ओरडून बोलला नाही, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बोलला. "आई, तिनेच मला आत बोलावलं गं. मी थोडी प्यायलो होतो. एवढंसं काहीतरी झालं आणि आता ती उलटली. तू मला ओळखतेस ना? मी तसा आहे का?"

"नाही रे माझ्या राजा," इदालिना म्हणाली. तिला दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

त्याचं बोलणं तिने उचललं आणि शनिवारच्या बाजारात नेलं. मिरेया आणि तिची आई तिथे रताळ्याचा मुरंबा विकायच्या. इदालिना चीजवालीच्या दुकानापाशी उभी राहून मोठ्याने सांगायची, "तिनेच बोलावलं होतं. माझ्या पोराचं वाटोळं केलं!" माणसं ऐकत गेली. मुरंब्याच्या बरण्या तशाच परत जाऊ लागल्या. एक दिवस मिरेयाची आई सवयीने अंगणात येऊन बसली. इदालिनाने मला भरलं आणि तिच्या नाकासमोरून पलीकडच्या बाईच्या हातात दिलं. म्हातारी उठून गेली. त्या अंगणात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मग इदालिनाने मला भेटीच्या दिवशी एबेर्तोला नेऊन दिलं. "घरची वस्तू जवळ राहू दे," म्हणाली. असा मी तुरुंगात पोचलो.

तिथे असेच गुन्हे केलेल्या माणसांचा एक गट होता. तुरुंगातली समुपदेशक, सुल्मा नावाची जाडजूड, खोकणारी बाई त्यांना गोलात बसवायची, माझ्यात पाणी स्वतः ओतायची, पहिला कडू घोट स्वतः प्यायची. एकेकजण बोलू लागे आणि प्रत्येकाची सुरुवात एकच असे: माझी गोष्ट वेगळी आहे. ती नाही म्हणाली नव्हती. तिचे कपडे तसे होते. मी दारूच्या नशेत होतो. माझ्या बापाने मला मारलं होतं. बाईमाणूस, नंतर लाज वाटली म्हणून तक्रार केली. मी नळीतून ऐकत राहायचो. खरं सांगतो, ती माणसं राक्षसासारखी दिसत नव्हती. कोणी पेटी वाजवायचा, कोणी मांजर सांभाळायचा. म्हणून तर त्यांची सबब लोकांना पटत असे.

गंमत म्हणजे दुसऱ्याची सबब त्यांना लगेच कळायची. एबेर्तो म्हणाला, "दारूने घात केला." तर विल्मार नावाचा बसचालक खो खो हसला. "दारूला हात फुटले होते वाटतं!"

"तू नको बोलूस," एबेर्तो चिडला. "तू काय केलंस?"

"माझी गोष्ट वेगळी आहे," विल्मार म्हणाला आणि सगळा गोल हसला. विल्मार मात्र लाल झाला.

सुल्मा हसली नाही. तिने मला एबेर्तोच्या हातात दिलं. "कोठीघराला कडी आहे?"

"आहे."

"मग ती कोणी लावली? दारूने?"

त्या दिवशी त्याने मला न पिताच शेजाऱ्याकडे सरकवलं. पुढच्या वेळी म्हणाला, वाऱ्याने दार लागलं. त्यापुढच्या वेळी म्हणाला, आठवत नाही. सुल्मा दर वेळी तेवढंच विचारायची, पाणी ओतायची आणि खोकायची. हिवाळा गेला. संत्र्यांना बहर आला असेल त्या सुमारास तो खाली बघून म्हणाला, "मी लावली. ती सोड म्हणत होती, ते मला ऐकू येत होतं."

कोणी हसलं नाही. विल्मारने त्या दिवशी आपली पाळी आली तेव्हा मला हातात घेतलं आणि बराच वेळ नळी तोंडाला लावलीच नाही.

"हे आईला सांगशील?" सुल्माने विचारलं.

"ती मरेल."

"आणि मिरेया? दर शनिवारी बाजारात तिचं काय होतंय ते तुझ्या आईनेच तुला सांगितलंय ना?"

भेटीच्या दिवशी इदालिना तळलेल्या पुऱ्या घेऊन आली. तिने मला भरलं, कडू घोट घेतला, मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला न पिताच खाली ठेवलं.

"आई, तिने मला बोलावलं नव्हतं. कडी मी लावली. ती रडत होती. मी तरीही केलं."

"हे त्या खोकणाऱ्या बाईने पढवलंय तुला!"

"नाही गं."

"तू प्यायलेला होतास रे. तूच म्हणालास. तुला शुद्ध कुठे होती..." आणि बोलता बोलता ती थांबली. "त्या संध्याकाळी तू घरी आलास. पाय धुतलेस. जेवलास. रश्शात मीठ कमी आहे म्हणालास."

एबेर्तो रडू लागला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. मला ते बघवत नव्हतं, कारण तिची माया खरोखर जराही कमी झालेली नव्हती. मग तिने पुऱ्या त्याच्यापुढे सरकवल्या, मला पिशवीत घातलं आणि निघाली. "पुढच्या भेटीला येईन," म्हणाली. "खाऊन घे."

ती मला घेऊन थेट मिरेयाच्या दारात गेली. दार अर्धवटच उघडलं.

"पोरी, माझं चुकलं गं," इदालिना म्हणाली आणि दारातच मला भरून पुढे केलं.

मिरेयाने हात पुढे केला नाही. "मते नको मला. बाजारात माझ्याबद्दल बोलायच्या तेव्हा आवाज चांगला खणखणीत होता तुमचा. आता माझ्या दारात कशाला कुजबुजताय?" आणि तिने दार लावून घेतलं.

शनिवारी इदालिना चीजवालीच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या हातात होतो, आणि ती मला इतकं आवळत होती की मी फुटतो की काय असं मला वाटलं. समोर मिरेया बरण्या मांडत होती.

"ऐका सगळे," इदालिना म्हणाली. "माझ्या एबेर्तोने दारूच्या..." ती थांबली. नाक पुसलं. पुन्हा सुरुवात केली, आणि आवाज अख्ख्या बाजारभर गेला. "माझ्या एबेर्तोने मिरेयावर जबरदस्ती केली. तिने बोलावलं नव्हतं. ती खरं बोलत होती. खोटं मी बोलले, इथेच उभी राहून."

चीजवाली गहिवरली. "जाऊ द्या दोन्या, आईचं काळीज असतं."

"काळजाला मध्ये आणू नकोस," इदालिना म्हणाली. "तोंड माझं होतं."

मिरेया जवळ आली नाही, रडली नाही. तिने शेवटची बरणी मांडली, सरळ केली आणि पहिल्यांदा मान वर करून लोकांकडे पाहू लागली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, कडेला चीर गेली आहे. इदालिना अजून दर भेटीला मला घेऊन मुलाकडे जाते. माझी एवढीच विनंती आहे. आपल्या माणसाच्या हातून घोर गुन्हा झाला तर त्याच्यावर माया करू नका, असं मी कशाला म्हणू? मीही करतो. त्याला भेटायला जा, त्याच्यासाठी पुऱ्या तळून न्या, त्याच्याजवळ बसून रडा. पण त्याची सबब उचलून गावभर नेऊ नका. त्या सबबीची शिक्षा भलत्यालाच होते. मिरेयाला झाली, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं.