सावित्रीबाईचं कडं

ईश्वरदास पात्यांच्या जुड्या बोटांनी चाचपत उभा होता. गोंदियाच्या बाजारात सोनारकामाच्या आरीची पाती चुन्नीलालकडंच मिळायची.

"लोखंड कापायची करवत ले जाओ काका, दो मिनट का काम."

"तिची फट रुंद पडते जी. चांदीचं कडं हाय, मंग सांधा दिसते."

"तो ये मधलं घ्या. जाड कड्यात बारीक पातं टिकत नाही."

"तुटू द्या. बारीकच द्या, जुडीभर."

त्याच्या बायकोचा, सावित्रीबाईचा, डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सुजला होता. छातीतल्या गाठीनं ही दशा केली. ऑपरेशनआधी कडं काढून या, असं नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. साबण झाला, तेल झालं, कडं हलेना. सोनाराकडं जायला ती तयार नव्हती. "तुमच्या हातानं चढलं, तुमच्याच हातानं उतरू द्या," हा तिचा हट्ट.

घरी ओसरीत बसून त्यानं कड्याखाली टिनाची पट्टी सरकवली, पात्याला मेण लावलं आणि आरी ओढू लागला. दोन पाती टिचकन तुटली.

"कीर्तनात टाळ वाजवून रायले का जी? ठेका कमी करा."

"दुखते का?"

"नाही. तुमीच घामाघूम झाले."

शेवटी चांदीनं वाट दिली. त्यानं कडं हलकेच फाकवून उतरवलं. मनगटावर खोल, पांढरा वळ राहिला. ईश्वरदास मात्र हरखून गेला.

"हे पाय सावित्री, केसाएवढी चीर! दवाखान्यातून आली का सांधून देतो. कोणाले समजणार पण नाही."

तिनं कडं उजव्या हातात घेतलं, फिरवून पाहिलं. पाण्यात विरघळणाऱ्या गुळासारखा तिचा आवाज हळू झाला.

"आणखी बोटभर तुकडा काढा यातून."

"कायले?"

"आपल्या संध्याचा हात बारीक हाय. पोरीले ढिलं होईल."

"अवं, तू घालशील ना!"

तिनं पाटावर कडं ठेवून चांगल्या हातानं दाबून धरलं आणि म्हणाली, "पकडलं मी. चालवा."

त्यानं नवं पातं चढवलं. पेच आवळताना बोटं घसरली. देवा, हेही पातं तुटू दे, असं मनातल्या मनात म्हणत तो आरी ओढत राहिला. पातं सरळ चाललं होतं.