जिन्यावरची तेरावी

"टिली, खाली उतर! तेरा झालात तुम्ही!"

मॅनेजर प्रॉथरोसाहेब विंगेतून दबक्या आवाजात ओरडत होते. माझी बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर छत्री फिरवत उभी होती. तिने मानही वळवली नाही. रंगमंचाच्या बाजूला उंच फळीवर मी माझ्या दिव्यापाशी बसलो होतो. तिथून मला सगळं दिसत होतं.

शनिवारचा दुपारचा खेळ होता. खेळाआधीच साहेबांनी तिला सांगितलं होतं, "आजपासून तुझ्या जागी एल्सी. तू कपडेपटात शिवायला बस."

"का? पाय चुकला माझा?"

"पाय नाही गं. तोंड. पुढच्या खुर्च्यांतून वय दिसतं."

टिली एकोणचाळीसची होती. ती आत वळली. मला वाटलं, गेली शिवायला. पण छत्र्यांचं गाणं आलं, बारा मुली जिन्यावर उभ्या राहिल्या, आणि मागून ही आली. एल्सीला कोपराने सरकवून आपल्या जागेवर उभी राहिली.

आम्हा थिएटरवाल्यांना तेराचा आकडा चालत नाही. आमची मुख्य नटी, मिस वेन, विंगेतच थबकली.

"त्या बाईला हटवा. तेराजणींमध्ये मी पाऊल टाकणार नाही."

"बाईसाहेब, बँड वाजतोय..."

"वाजू दे!"

नटी येईपर्यंत बँडने तेच चार सूर घोळवायचे, असा रिवाज. बँडमास्तर ते घोळवत होता आणि घाम पुसत होता. पुढच्या खुर्च्यांत कुजबूज सुरू झाली. वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "काय रे, राणीसाहेब झोपल्या काय?" हशा पिकला.

साहेबांनी वर माझ्याकडे पाहिलं. "हॅकेट, दिवा बंद कर! पडदा पाडतो मी!"

आमच्या दिव्यात चुन्याची कांडी गॅसच्या ज्योतीवर तापते आणि पांढरीशुभ्र पेटते. तो बंद करायला एक चावी फिरवायची, बस्स. मी चावीला हात लावला नाही. दिवा फिरवला आणि टिलीवर धरला.

तिने एकदाच वर पाहिलं. मग छत्री एल्सीच्या हातात दिली, पुढे आली आणि मिस वेनचं गाणं म्हणायला लागली.

आवाज बेताचाच होता तिचा. नवरा असून सांगतो. वरचा सूर आला तिथे तिला तो लागेना. ती थांबली, ऐकायला धरतात तसा कानामागे हात धरला आणि गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीतले निम्मे आमच्याच लॅम्बेथ वस्तीतले. भाजीवाले, मोलकरणी, गोदीतले हमाल. सगळ्यांनी मिळून तो सूर लावला.

"टिली, आता सोडू नकोस!" एक बाई ओरडली.

"सोडते कशाला? धरून बसलेय!" टिली गाण्याच्या मधेच म्हणाली.

शेवटपर्यंत गायली. मिस वेन विंगेतच राहिली.

मी फळीवरून उतरलो तेव्हा साहेब शिडीपाशी उभे होते. "उद्यापासून तू इथे दिसायचा नाहीस. तीही नाही."

"उद्या रविवार आहे, साहेब. थिएटर बंदच असतं."

टिली आता नाही; मागच्या हिवाळ्यात गेली. दफनाच्या वेळी पाद्री म्हणाला, "शांत, आज्ञाधारक स्त्री होती." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "दुसऱ्या कुणाचं वाचताय तुम्ही." लोक माझ्याकडे बघायला लागले. बघोत.

त्या शनिवारी आम्ही चालतच घरी निघालो. वॉटर्लू पुलावर अजून ऊन होतं. टिलीच्या तोंडावर रंग तसाच होता, ओठ लालभडक, आणि उजेडात सगळ्या सुरकुत्या दिसत होत्या. एका बाईने आपल्या मुलीला पलीकडे ओढून घेतलं.

मी रुमाल पुढे केला. "पुसून घे. लोक बघतायत."

"मग? मान खाली घालू?"

तिने रुमाल घेतला, त्यात नाक शिंकरलं आणि परत दिला. मग पुलाच्या कडेने चालणं सोडून पदपथाच्या मधोमध चालू लागली. समोरून येणारे बाजूला होत होते. मी थोडा मागे राहिलो. तिथून ती पूर्ण दिसत होती.