पहिल्या टोपीचा फोटो

एरंडोलच्या बाजारपेठेत अभिमनचा फोटो स्टुडिओ आहे, पण तो खरा चालवते त्याची बायको रत्ना, असं कुणी म्हटलं तर अभिमनसुद्धा नाही म्हणणार नाही. लग्नात मोठा कॅमेरा त्याच्या गळ्यात आणि धाकटा तिच्या हातात. वऱ्हाड पांगलं की तो पाय ताणून झोपणार आणि ती दोन्ही कार्डं कॉम्प्युटरला लावून बसणार. कॅमेरा फोटोंना जी नावं देतो ती म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. रत्ना सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ओतायची, कॅमेऱ्याने नोंदवलेल्या वेळेप्रमाणे लावायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग नावं द्यायची, 'भिकनभाऊ-थोरली-०००१' आणि पुढे. तांदूळ निवडून डब्यात भरल्यासारखं तिला बरं वाटायचं.

त्या बरं वाटण्यावर बुधवारी सकाळी विरजण पडलं. भिकनभाऊ आले आणि थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम त्यांनी काउंटरवर आपटला.

"वहिनी, हाई काय करी ठेवं तुम्ही?"

झालं होतं असं. मांडवात जावयांना कुंकू लावून टॉवेल-टोपी द्यायची, आणि पहिला मान थोरल्या जावयाचा. भिकनभाऊंच्या घरचे थोरले जावई म्हणजे चाळीसगावचे रोहिदासनाना, भाऊंच्या थोरल्या बहिणीचे, झुंबरअक्कांचे यजमान. पण अल्बममध्ये आधी धाकट्या बहिणीचा नवरा प्रेमराज झळकत होता आणि नाना त्याच्यामागे दोन पानं टाकून. धुळ्याच्या प्रेमराजला एवढं निमित्त पुरलं. चार पाहुण्यांत तो नानांना म्हणाला, "नाना, आते थोरला मी!" नाना तिथून उठले ते उठलेच. रविवारी भिकनभाऊंच्या धाकट्या मुलीचं, ममताचं लग्न, आणि त्यांचा निरोप आला होता की आम्ही दोघंही येणार नाही.

"पोरीसनी माय गयी नि अक्कानीच त्यासले वाढाडं," भिकनभाऊ म्हणाले. "ती नही उनी ते मांडव कसाले टाकू?"

अक्काच आल्या नाहीत तर मांडव कशाला, हे बोलताना त्यांचा आवाज पार उतरला होता.

"भाऊ, फोटो वेळेप्रमाणेच लावलेत," अभिमन म्हणाला. "कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

"आरे, पहिली टोपी मीच नानाना डोकावर ठेयी ना!"

रत्नाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. प्रेमराजचा तिने काढलेला, नानांचा अभिमनने. दोन्हींत भिकनभाऊंच्या बाजूला परातीत टोप्यांचा ढीग होता. नानांच्या फोटोत तो चांगला कोपरापर्यंत आलेला, प्रेमराजच्या फोटोत बराच खाली बसलेला.

"अहो, टोप्या वाटल्या की ढीग वाढतो होय?" तिने विचारलं.

अभिमनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली. ते घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. मनगटावरचंही. उशीर होऊ नये म्हणून अभिमन घरातलं झाडून सगळं पुढे ठेवतो.

"कॅमेऱ्याचंही पुढे केलंत?"

"मुहूर्त चुकू नये म्हणून गं."

"मुहूर्त नाही चुकला. थोरल्या जावयाचा मान चुकला!"

तिला नवऱ्याचा राग आला आणि हसूही आलं, हसू जरा जास्तच. तिने मोठ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडले, त्यांची वेळ वीस मिनिटं मागे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून नावं दिली. हळद जागेवर गेली, वरात जागेवर गेली, नाना प्रेमराजच्या पुढे आले. तिने काढलेला एक फोटो काही उलगडत नाही म्हणून अल्बममधून गाळलेला होता. तोही आता आपल्या जागी बसला. तो पाहून तिने लॅपटॉप मिटला.

"भाऊ, चला. चाळीसगावला जाऊन येऊ."

नाना पुढच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. झुंबरअक्कांनी पाणी आणून दिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि भावाकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. रत्नाने घड्याळाची भानगड सांगितली, टोप्यांचा ढीग दाखवला, नवा क्रम दाखवला. नाना हळूहळू भिंतीकडून लॅपटॉपकडे वळले.

"मी सांगेल व्हतं ना? हाऊ फोटो प्रेमराजले धाडा. आजच धाडा!"

मिशीत हसू आलं, पण रविवारचं नाव काही निघेना. एवढा फुगवलेला रुसवा असा एका फोटोवर कसा सोडायचा, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

रत्नाने पुढचा फोटो आणला. त्यात टोपी नानांच्या डोक्यावर नव्हती, ती भिकनभाऊंच्या डोक्यावर होती. भाऊंचे डोळे भरलेले, आणि बोडके नाना त्यांचा गाल धरून खदखदा हसत होते.

"हाई काय?" अक्कांनी विचारलं.

नानांनी लॅपटॉप जवळ ओढला. "पोर सासरले जाई म्हनीसन हाऊ रडे," ते म्हणाले. "त्याले हासाडाले मी मनी टोपी त्याना डोकावर घाली."

बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. ज्या टोपीपायी त्यांनी बायकोचं माहेर बंद केलं होतं, ती त्यांच्या डोक्यावर एका फोटोपुरतीच राहिली होती, आणि काढून दिली होती त्यांनी स्वतः. ते विसरून गेले होते आणि त्यांना त्याची लाज वाटत होती.

"ती टोपी आते कोठे शे?" अक्कांनी भावाला विचारलं. भाऊ आल्यापासून त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"मन्हा घर शे, अक्का. धवीसन ठेयेल शे."

नानांनी घसा खाकरला. "मंग ती लेवाले रविवारले येनं पडी."

झुंबरअक्का पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. आतल्या खोलीत साड्यांचं लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला.